दत्तकपणाचा आत्मा आणि दत्तकाचा कागद

शास्त्रपाठ : रोमकरांस पत्र 8:14–17, उत्पत्ती 48:1–6, एस्तेर 2:5–11



प्रभूची प्रार्थना म्हणताना आपण देवाला बाप म्हणतो. हा अधिकार आपल्याला कसा मिळाला, हे सांगताना प्रेषित पौल कोर्टकचेरीतला एक शब्द वापरतो. तो शब्द आहे दत्तकपण. आपण देवाची दत्तक मुले आहोत, ही आपल्या विश्वासाच्या अगदी गाभ्यातली शिकवण आहे. आणि तरीही आपल्या देशातल्या ख्रिस्ती माणसाला काही वर्षांपूर्वीपर्यंत कायद्याने मूल दत्तक घेता येत नव्हते. मूल घरी आणता येई, वाढवता येई, त्याचा बाप्तिस्मा करता येई. पण सरकारदरबारी ते 'आपले' होत नसे.

असे का झाले, आणि ते दार कसे उघडले, याचा इतिहास आज पाहू. आपल्या सिल्वासातल्या मंडळीसाठी हा विषय लांबचा नाही. भावाचे, बहिणीचे, मुलीचे मूल सांभाळणारी घरे आपल्या प्रत्येक प्रार्थना-गटात आहेत. त्यांतल्या बहुतेक मुलांजवळ प्रेम आहे, पण कागद नाही.

पौलाने हा शब्द कुठून घेतला

रोमकरांस पत्र लिहिले गेले ते साधारण इ. स. 57 च्या सुमारास. त्या वेळी रोमच्या गादीवर नीरो होता, आणि नीरो हा दत्तक मुलगा होता. इ. स. 50 मध्ये सम्राट क्लौद्यने त्याला दत्तक घेतले, म्हणून तो सम्राट झाला. त्याच्या आधी तिबिर्यालाही औगुस्ताने इ. स. 4 मध्ये दत्तक घेतले होते. खुद्द औगुस्त हा यूलियस कैसराच्या मृत्युपत्राने त्याचा मुलगा ठरला होता. त्यामुळे रोममधल्या साध्या गुलामालाही दत्तक म्हणजे काय ते नीट ठाऊक होते.

रोमी कायद्यात दत्तक म्हणजे नुसते पालनपोषण नव्हे. मुलावरचा जुन्या घराचा अधिकार संपे. नव्या बापाचे नाव मिळे. आणि तो पोटच्या मुलाइतकाच वारस होई. म्हणून पौल दत्तकपणाबद्दल लिहितो आणि लगेच पुढे वारशाबद्दल बोलतो (रोम 8:17, गलती 4:5–7). त्याच्या मनात या दोन गोष्टी एकच आहेत. देवाने आपल्याला नुसते आसऱ्याला ठेवले नाही. त्याने आपल्याला वारस केले. आसरा आणि वारसा यांतला हा फरक लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट या फरकाभोवती फिरते.

शास्त्रातली घरातल्या घरातली दत्तके

पवित्र शास्त्रात परक्याचे मूल घेतल्याचे मोठे उदाहरण म्हणजे मोशे. फारोच्या मुलीने त्याला आपला मुलगा केले (निर्गम 2:10). पण नात्यातल्या दत्तकाची उदाहरणेही तितकीच ठळक आहेत.

याकोब म्हातारा झाला, डोळे अधू झाले, तेव्हा योसेफ आपल्या दोन मुलांना घेऊन त्याच्याकडे आला. आजोबाने साक्षीदारांपुढे करार वाचावा तसे सांगितले की, एफ्राईम आणि मनश्शे हे आता माझे, रऊबेन आणि शिमोन माझे आहेत तसेच. हे फक्त मायेचे बोलणे नव्हते. पुढे यहोशवाच्या काळी जमिनीची वाटणी झाली तेव्हा या दोघांच्या वंशांना स्वतंत्र हिस्से मिळाले. आजोबाचा एक शब्द पिढ्यान्‌पिढ्या टिकला, कारण तो स्पष्ट बोलला गेला होता आणि सगळ्यांनी तो मानला होता.

दुसरे उदाहरण एस्तेरचे. आईबाप गेल्यावर मर्दखयाने हदस्सेला, म्हणजेच एस्तेरला, आपली मुलगी म्हणून घेतले. नात्याने ती त्याच्या चुलत्याची मुलगी, म्हणजे चुलतबहीण. ती राजवाड्यात गेल्यावरही तो रोज अंतःपुराच्या अंगणासमोर फेऱ्या घाली, पोरीचे कसे चालले आहे ते कळावे म्हणून. पोरक्या मुलीचा बाप होणे म्हणजे काय, याचे यापेक्षा सुंदर वर्णन क्वचितच सापडेल.

आणि योसेफ सुतार. मत्तय येशूची वंशावळ दाविदापासून आणतो ती योसेफाच्या बाजूने. योसेफाने बाळाचे नाव ठेवले (मत्तय 1:25), आणि त्याने आपला प्रभू दाविदाच्या घराण्यात मोजला गेला.

शेजाऱ्यांकडे होते, आपल्याकडे का नव्हते?

'दत्तक' म्हटले की मराठी माणसाला आधी झाशी आठवते. 1853 मध्ये गंगाधररावांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी नात्यातला आनंदराव दत्तक घेतला, त्याचे नाव दामोदर ठेवले, आणि कंपनी सरकारने तो वारस नाकारला. त्याआधी 1848 मध्ये सातारचे राज्य असेच खालसा झाले होते. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचे. 1875 मध्ये जमनाबाईंनी त्यांना दत्तक घेतले, तेही भाऊबंदांतूनच. हिंदू समाजात दत्तकविधानाची शास्त्रे होती, रीत होती, आणि इंग्रजांची न्यायालयेही ती रीत मानत होती. 1956 मध्ये स्वतंत्र भारताने हिंदू दत्तक व निर्वाह कायदा केला आणि त्यात मुलगीही दत्तक घेता येऊ लागली. तो कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांच्यासाठी होता. ख्रिस्ती, मुस्लिम, पारशी आणि यहुदी बाहेर राहिले.

ख्रिस्ती बाहेर का राहिले? कारण आपला कायदा राज्यकर्त्यांच्या घरून आला होता, आणि त्यांच्या घरीच दत्तक नव्हते. इंग्लंडमध्ये मूल दत्तक घेण्याचा पहिला कायदा 1926 मध्ये झाला. तोवर तिथल्या न्यायालयांना दत्तक मुलगा ही गोष्टच मान्य नव्हती. पोर्तुगालची स्थितीही वेगळी नव्हती. 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेत दत्तकाला जागाच ठेवली नव्हती. पोरक्या मुलासाठी पालक नेमणे आणि नातेवाइकांची कुटुंबसभा बसवणे एवढीच तरतूद होती. पोर्तुगालमध्ये दत्तक परत आले ते 1966 च्या संहितेने.

आता आपली दमणगंगा डोळ्यांपुढे आणा. नगर हवेली 1783 मध्ये आणि दादरा 1785 मध्ये पोर्तुगिजांकडे गेले. 1885 मध्ये त्यांनी सिल्वासाला मुख्य ठाणे केले. सीमेपलीकडे डहाणू-तलासरीचा मुलूख इंग्रजांचा. अलीकडच्या ख्रिस्ती घराला पोर्तुगीज संहिता, पलीकडच्याला इंग्रजी कायदा. आणि दोन्हीकडे दत्तक नाही. पौलाचा शब्द घेऊन आलेल्या दोन ख्रिस्ती सत्तांनी तो शब्द आपल्या कायद्याच्या पुस्तकात मात्र लिहिला नव्हता.

2 ऑगस्ट 1954 ला सिल्वासा मुक्त झाले आणि 11 ऑगस्ट 1961 ला दादरा नगर हवेली भारतात विलीन झाली. त्यानंतर 1963 च्या नियमावलीने अनेक भारतीय कायदे इथे लागू करण्यात आले. ख्रिस्ती कुटुंबाला त्यातून मिळाला तो 1890 चा पालक आणि पाल्य कायदा. त्याच्याबद्दल पुढे.

आणखी एक गोष्ट आपल्या भागासाठी महत्त्वाची आहे. 1956 चा हिंदू दत्तक कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढली तरच होतो. 2011 च्या जनगणनेत दादरा नगर हवेलीतले निम्म्याहून थोडे जास्त लोक अनुसूचित जमातींचे होते : वारली, धोडिया, कोकणा, काथोडी आणि इतर. म्हणजे आपले आदिवासी शेजारी, मग ते ख्रिस्ती असोत वा नसोत, याही दाराबाहेरच होते. त्यांच्या पाड्यांवर पोरके पोर आजीकडे, काकाकडे, मामाकडे राहिले ते जमातीच्या रीतीने आणि माणुसकीने.

झाकून ठेवू नये असे एक पान

चर्चचा इतिहास सांगताना फक्त उजळ पाने वाचणे बरे नाही. 1559 मध्ये पोर्तुगालच्या राजाच्या नावाने एक हुकूम निघाला. गोव्यातल्या ज्या हिंदू मुलांना आई, बाप, आजी, आजोबा कोणी उरले नसेल, त्यांना अनाथांच्या न्यायाधीशाने ताब्यात घ्यावे आणि सेंट पॉल कॉलेजात नेऊन ख्रिस्ती करावे, असा तो हुकूम. काका, मामा, मावशी यांचा हक्क त्यात धरलाच नव्हता. नातलगांनी मुले लपवली, नदी ओलांडून पलीकडच्या मुलखात नेली. मुलाला घर देण्याच्या नावाखाली त्याचे घर तोडले गेले.

हे आठवणे आपल्याला आवश्यक आहे. मुलाला नेण्याआधी त्याचे कोण कोण आहे हे विचारणे, त्यांची संमती घेणे आणि मुलाचे स्वतःचे मन जाणणे, हे आजच्या कायद्यात जागोजाग आहे. कोणाला ती सरकारी कटकट वाटेल. पण हे प्रश्न न विचारता मुले नेली गेली तेव्हा काय झाले, ते आपल्याच किनाऱ्यावर घडलेले आहे.

याहून जुनी आणि चांगली परंपराही चर्चकडे होती. इ. स. 442 मध्ये गॉल प्रांतात, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, वेजाँ इथे धर्मसभा भरली. तिने ठरवले की टाकलेले बाळ कोणाला सापडले तर त्याने चर्चला कळवावे, रविवारी वेदीवरून ते जाहीर करावे, आणि दहा दिवसांत कोणी आपले म्हणून आले तर बाळ त्याला द्यावे. सोळा शतकांपूर्वीच्या त्या मंडळीला कळले होते की सापडलेले मूल लगेच 'आपले' होत नाही. आज आपल्या देशात एखाद्या आईने मूल सोपवले तर तिला विचार बदलायला दोन महिन्यांची मुदत असते. तत्त्व तेच आहे.

दुष्काळातली लेकरे

आता उजळ पान. पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळातच उपासमारीने गेले होते. 1896–97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती मिशन त्यातून उभे राहिले. मग 1899–1900 चा तो भयंकर दुष्काळ आला, ज्याला आपल्याकडचे गुजराती लोक अजून 'छप्पनियो' म्हणतात. तेव्हा गुजरातेतूनही मुली केडगावला पोहोचल्या. इथे जवळच बलसाडला ब्रदरन मिशनने पोरक्या मुलांना जवळ केले. रेव्ह. नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्या घरीही पोटच्या मुलाच्या बरोबरीने इतरांची लेकरे वाढली. पश्चिम भारतातल्या कितीतरी ख्रिस्ती घराण्यांचा मूळपुरुष किंवा मूळस्त्री म्हणजे दुष्काळातून उचललेले असेच एखादे पोर आहे.

पण या सगळ्या मायेच्या मागे कायदा उभा नव्हता. मूल मिशनचे असे, आश्रमाचे असे, एखाद्या बाईंनी वाढवलेले असे. त्यांनी त्याला शिकवले, त्याचे लग्न लावून दिले. कायद्याच्या भाषेत मात्र ते कोणाचेच मूल नव्हते.

एकविसाव्या वर्षी संपणारे नाते

विसाव्या शतकात ज्या ख्रिस्ती दांपत्यांना मूल घ्यायचे होते, त्यांना वकील एकच वाट दाखवीत : पालक आणि पाल्य कायद्याखाली न्यायालयात अर्ज करा आणि पालक म्हणून नेमणूक करून घ्या. त्यात काय मिळे? मूल ताब्यात ठेवण्याचा आणि त्याची काळजी घेण्याचा अधिकार. काय मिळत नसे? आई आणि बाप हे नाव. मूल एकवीस वर्षांचे झाले की पालकत्व संपे. मृत्युपत्र केले नसेल तर भारतीय उत्तराधिकार कायद्याने मुलाला काहीच मिळत नसे. लांबचा पुतण्या येऊन घर मागू शके. न्यायालयाच्या हद्दीबाहेर मुलाला न्यायचे तर तिथलीच परवानगी लागे.

म्हणजे कायद्याने आपल्याला आसरा देऊ दिला, वारसा देऊ दिला नाही. पौलाने जे दोन शब्द एका दमात लिहिले, ते आपल्या कागदावर दोन वेगळ्या गोष्टी होऊन बसले.

दार हळूहळू उघडले

1972 मध्ये सर्व धर्मांसाठी दत्तकाचे विधेयक राज्यसभेत आले. मतभेद झाले आणि 1978 मध्ये ते मागे घेतले गेले. 1980 मध्ये दुसरे विधेयक आले, तेही बारगळले. संसदेत जे जमले नाही ते न्यायालयांतून सुरू झाले. 1999 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने ख्रिस्ती दांपत्याने घेतलेले दत्तक मान्य केले आणि त्या मुलाचा वारसाहक्कही मानला. त्याच सुमारास मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती एफ. आय. रिबेलो यांच्यापुढे एका ख्रिस्ती दांपत्याचा अर्ज होता. टाकून दिलेल्या मुलाला कुटुंब मिळणे हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, अशी भूमिका घेऊन त्यांनी पालकत्वाकडून दत्तकाकडे जाण्याची वाट मोकळी केली. दादरा नगर हवेलीही मुंबई उच्च न्यायालयाच्याच अधिकारक्षेत्रात येते. त्यामुळे हा निकाल आपल्यासाठी शेजारच्या राज्याची बातमी नाही.

पुढे बाल न्याय कायदा 2000 मध्ये झाला आणि 2006 च्या दुरुस्तीने त्यात दत्तकाची व्याख्या आली. धर्म कोणताही असो, या कायद्याखाली दत्तक घेता येऊ लागले. 19 फेब्रुवारी 2014 ला शबनम हाश्मी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केले. न्यायालय म्हणाले की ही वाट कोणावर लादलेली नाही, पण ज्याला घ्यायची आहे त्याला वैयक्तिक कायदा अडवू शकत नाही.

मग आला बाल न्याय कायदा 2015, 15 जानेवारी 2016 पासून लागू झालेला. नात्यातल्या दत्तकासाठी हाच मुख्य. त्यात साफ लिहिले आहे की नातेवाइकाचे मूल नातेवाइकाला दत्तक घेता येते, धर्म कोणताही असला तरी. आणि आदेश झाला की मूल सर्व अर्थांनी, वारशासकट, दत्तक आईबापाचे होते. एफ्राईम आणि मनश्शे यांच्याबद्दल याकोब जे बोलला, ते आता भारताच्या कायद्यात आपल्यासाठी लिहिलेले आहे.

घरातल्या घरात दत्तक : प्रत्यक्षात काय करायचे

ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांच्यासाठी थोडे तपशीलवार सांगतो.

नातेवाईक कोण? या कायद्यात यादी छोटी आहे : काका, आत्या, मामा, मावशी, आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा. एवढेच. गंमत पाहा, याकोब या यादीत बसतो. एस्तेरला पोटच्या मुलीसारखी जपणारा मर्दखय मात्र बसत नाही, कारण तो चुलतभाऊ. आपले नाते यादीत नसेल तर आधी बाल कल्याण समितीकडे जाऊन योग्य वाट विचारावी.

नाव कुठे नोंदवायचे? 'कारा', म्हणजे केंद्रीय दत्तक ग्रहण प्राधिकरण, याच्या संकेतस्थळावर. नात्यातल्या दत्तकातही ही नोंदणी लागते. त्यासाठी जिल्हा बाल संरक्षण कक्ष मदत करतो. हा कक्ष सरकारी आहे. तिथे दलालाची गरज नाही.

संमती कोणाची? मुलाच्या जन्मदात्या आईबापाची लेखी संमती. ते हयात नसतील किंवा संमती देण्याच्या स्थितीत नसतील तर बाल कल्याण समितीची परवानगी. मूल पाच वर्षांचे किंवा मोठे असेल तर त्याचीही संमती. हा शेवटचा भाग मला फार मोलाचा वाटतो. 1559 च्या हुकुमात मुलाला कोणी विचारले नव्हते.

वयाची अट? परके मूल घेताना आईबापाच्या वयाची मर्यादा असते. नातेवाइकांना ती लागू नाही, त्यामुळे आजी-आजोबांनाही दार उघडे आहे.

आदेश कोण देतो? पूर्वी न्यायालय देई. 2021 च्या दुरुस्तीनंतर, 1 सप्टेंबर 2022 पासून, हा अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांना, म्हणजे आपल्या कलेक्टरसाहेबांना आहे. आपल्याकडच्या माणसाला त्यासाठी सिल्वासाच्या बाहेर जावे लागत नाही. अर्जासोबत आपली मिळकत आणि घरची स्थिती सांगणारे प्रतिज्ञापत्र जोडावे लागते. अर्ज दोन महिन्यांत निकाली काढावा, असे कायदा म्हणतो. आदेशानंतर दत्तक आईबापाच्या नावाचा जन्मदाखला काढता येतो.

मुलाच्या जमिनीचे काय? हा प्रश्न आपल्या पाड्यांवर हमखास येतो. दत्तक आदेशाआधी मुलाच्या नावावर आलेली मालमत्ता, उदाहरणार्थ मेलेल्या बापाची जमीन, त्या जमिनीवरच्या बोजासकट मुलाचीच राहते. दत्तकामुळे ती जात नाही. काकाने पुतण्याला दत्तक घेतले म्हणून ती काकाची होत नाही, हेही तितकेच खरे.

आणि एक सावधगिरी. दत्तक झाले की जन्मदात्या कुटुंबाशी असलेले मुलाचे कायदेशीर नाते संपते. आई दोन वर्षांसाठी कामाला बाहेरगावी गेली आहे आणि परत येणार आहे, तर घाईने दत्तक करणे योग्य नाही. अशा वेळी मूल सांभाळणे हेच खरे प्रेम. कोणत्या मुलाला काय हवे आहे, हे प्रार्थनेने आणि सगळ्यांनी एकत्र बसून ठरवावे.

मंडळीने काय करावे

2021 मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत आईबाप गमावलेल्या बाळांचे संदेश मोबाइलवर फिरत होते : इतक्या महिन्यांची मुलगी आहे, कोणाला हवी असेल तर या नंबरवर फोन करा. पाठवणारे बहुतेक भल्या मनाचे होते. पण सरकारला आणि सर्वोच्च न्यायालयाला अशा बेकायदा दत्तकाविरुद्ध इशारा द्यावा लागला, कारण त्याच संदेशांच्या आड मुले विकणारेही असू शकतात. पोरके, टाकलेले किंवा सोपवलेले मूल नियम सोडून दत्तक देणे-घेणे हा गुन्हा आहे; त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पाळकाने, धर्मगुरूने, नर्सताईने चांगल्या हेतूने केले तरीही. असे मूल सापडले तर 1098 वर फोन करावा, किंवा पोलिसांना किंवा बाल कल्याण समितीला चोवीस तासांत कळवावे. वेजाँच्या मंडळीने वेदीवरून जाहीर केले, आपण फोन करायचा, एवढाच फरक.

त्यापलीकडे मंडळीला बरेच करता येईल. ज्या आजीला अर्ज भरता येत नाही तिच्यासोबत कचेरीत जाता येईल. शाळेत बापाच्या नावाच्या रकान्यापाशी अडखळणाऱ्या मुलाच्या घरी जाऊन बोलता येईल. मंडळीच्या नोंदवहीत दत्तक मुलाची नोंद आदेशाप्रमाणे दत्तक आईबापाच्या नावाने नीट करता येईल. आणि आपल्या जिभेला लगाम घालता येईल. 'हे त्यांचं खरं नाही, वाढवलेलं आहे' हे वाक्य आपल्या अंगणात, लग्नाच्या मांडवात, अगदी उपासना सुटल्यावरही ऐकू येते. ज्या मंडळीत प्रत्येकजण दत्तक आहे, तिथे खरे कोण आणि वाढवलेले कोण, हे कोणी ठरवायचे?

मुलाला मात्र सत्य सांगावे, त्याच्या वयाला झेपेल तसे आणि प्रेमाने. मोशे राजवाड्यात वाढला तरी आपले भाऊबंद कोण हे त्याला ठाऊक होते, आणि देवाने त्याच माहितीचा उपयोग करून घेतला. जन्माची गोष्ट शेजाऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा आईच्या मांडीवर कळलेली बरी.

आपल्या स्वर्गीय बापाने आपले दत्तकपण अर्धवट ठेवले नाही. त्याने आपल्याला नाव दिले, घर दिले आणि वारसा दिला. आपल्या घरात जेवणारे, आपल्याला मामा, आजी, मावशी म्हणणारे जे लेकरू आहे, त्याला आपण यांतले काय दिले आहे आणि काय द्यायचे राहिले आहे, हे या आठवड्यात प्रत्येक घराने तपासून पाहावे.

प्रार्थना

हे प्रेमळ बापा, आम्ही परके असताना तू आम्हाला आपली मुले म्हटलेस, म्हणून तुझे आभार मानतो. आमच्या वाडीवस्तीतल्या आणि पाड्यांवरच्या प्रत्येक पोरक्या लेकराला तू ओळखतोस. त्यांना सांभाळणाऱ्या थकलेल्या हातांना बळ दे. ज्यांना मूल नाही त्यांच्या दुःखाजवळ तू बस. ज्या आईला आपले मूल सोपवावे लागले तिचे अश्रू पूस. आमच्या मंडळीच्या हातून जुन्या काळी मुलांवर आणि त्यांच्या नातलगांवर अन्याय झाला, त्याबद्दल क्षमा कर आणि आम्हाला शहाणपण दे. कचेरीत बसून या मुलांचे कागद पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना कोमल मन दे. आमच्या घरांत कोणीही आश्रित राहू नये; सगळे मुले आणि वारस म्हणून जगोत. येशूच्या नावाने मागतो. आमेन.